पाळीव पोपटांची पिल्लं काढणं आणि त्यांना नवं घर देणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्यात 22 वर्षं परदेशी पोपट सांभाळतेय. पहिली 12 वर्षं पिल्लं काढली, विकलीही. आता पिल्लं काढत नाही. ज्या पक्ष्यांचं घर सुटतं त्यांना दुसरं घर शोधून देते. फोनवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. त्या बाबतीत मी पूर्वी घाईनं सल्ले दिले आणि त्याची किंमत पक्ष्यांनी मोजली.

पोपट पाळणं कायदेशीर आहे की नाही? कोणी हो म्हणतं, कोणी नाही.

कोणता पोपट, त्यावर आहे. लाल चोचीचा आपला हिरवा मिठू, खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पोपट (बाजारात त्याला 'पहाडी' म्हणतात), जांभळट-लाल डोक्याचा लहान पोपट, सह्याद्रीतला निळ्या पंखांचा पोपट, हे सगळे आपल्याकडचे रानपक्षी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यांना पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. पिंजरा मोठा आहे, पक्षी लहानपणापासून आमच्याकडे आहे, आम्ही त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलंय, यातल्या कशानंही तो कायदेशीर होत नाही.

बजरीगार, कॉकाटिएल, लव्हबर्ड, कोन्युअर, आफ्रिकन ग्रे, मकाव हे परदेशी. ते पाळता येतात. मात्र कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले प्राणी आता आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहेत, आणि ते ज्याच्याकडे आहेत त्यानं नोंदणी करायची असते. 28 फेब्रुवारी 2024 ला त्याचे नियम आले. नोंदणी 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर होते. पिल्लू जन्मलं, पक्षी मेला, दुसऱ्या घरी गेला, तर तेही कळवायचं असतं. बजरीगार, कॉकाटिएल आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड साइट्सच्या यादीत नाहीत. बाकी जवळजवळ सगळे परदेशी पोपट आहेत.

जाता जाता एक. आपल्याकडे ज्यांना सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतात ते बहुतेक वेळा बजरीगार असतात. फोन करताना फोटो पाठवा, म्हणजे दोघांचा घोळ होणार नाही.

आमच्या घरी 15 वर्षांपासून मिठू आहे. आईचा त्याच्यावर जीव आहे. कायदा आता कळला. काय करू?

हा प्रश्न विचारताना माणसं रडतात. मी त्यांना दोष देत नाही. 'विठू विठू' म्हणणारा पोपट ओसरीवर टांगलेला असणं हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चांगल्या घराचं लक्षण मानलं गेलं.

तरी सांगते, गच्चीवर जाऊन पिंजऱ्याचं दार उघडू नका. 15 वर्षं पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याच्या पंखांत लांब उडण्याची ताकद नसते. झाडावर खाणं कसं शोधायचं, घार-शिकऱ्यापासून कसं लपायचं, हे तो शिकलेलाच नसतो. दुसऱ्या दिवशी कावळ्यांनी टोचलेला मिळतो, किंवा मिळतच नाही.

महाराष्ट्र वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा आणि पक्षी रीतसर त्यांच्या ताब्यात द्या. त्यांच्या देखरेखीखालच्या उपचार केंद्रांत अशा पक्ष्यांची तपासणी होते. उडू शकणाऱ्यांना मोठ्या जाळीघरात इतर पोपटांबरोबर ठेवतात, उडण्याचा सराव होऊ देतात, मग सोडण्याचा विचार करतात. सगळे सोडण्याजोगे होत नाहीत, हेही खरं. पण आपल्या जातीच्या थव्यात म्हातारपण काढणं आणि गॅलरीत एकट्यानं काढणं यात फार अंतर आहे. आईला हे अंतर दाखवायचं असेल तर संध्याकाळी पोपटांची झुंड ज्या झाडावर उतरते तिथे तिला घेऊन जा. मी माझ्या सासूबाईंना असंच नेलं होतं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि घरी येऊन त्यांनीच फोन लावायला सांगितला.

एक जण पहाडी पोपटाचं पिल्लू देतोय. मी नाही घेतलं तर ते मरेल. घेऊ का?

घेऊ नका. 1926 ला कळवा. हे पोपट हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत झाडाच्या ढोलीत अंडी घालतात, आणि त्याच दिवसांत पिल्लं बाजारात दिसू लागतात. ढोली फोडून, कधी फांदीच तोडून ती काढलेली असतात. एकदा फोडलेली ढोली पुढच्या वर्षीही उपयोगाची राहत नाही. तुम्ही दयेपोटी दिलेल्या पैशातून पुढच्या झाडावर चढायची मजुरी सुटते.

मला कोन्युअरची जोडी लावायची आहे. सुरुवात कुठून करू?

शेवटापासून. जोडीनं वर्षात दोनदा तीन-तीन पिल्लं दिली तर पाच वर्षांत 30 पक्षी होतात, आणि कोन्युअर नीट सांभाळला तर 20 ते 30 वर्षं जगतो. त्या 30 पक्ष्यांची घरं तुमच्या डोळ्यांसमोर आहेत का? त्यातले पाच पक्षी चार वर्षांनी 'आता जमत नाही' म्हणून परत आले तर ठेवायला पिंजरे, जागा, वेळ आहे का? मी जोडी लावणाऱ्या प्रत्येकाला एकच अट सांगते: तुमच्या हातून गेलेला पक्षी कधीही, कोणत्याही वयात, कोणत्याही अवस्थेत परत घ्यायची तयारी हवी. ती नसेल तर जोडी लावू नका. पोसायला जोडी ठेवा, फक्त घरटं देऊ नका.

तयारी असेल तर मग बाकीच्या गोष्टी. कोन्युअर आणि आफ्रिकन ग्रे यांच्यात नर-मादी नुसतं बघून कळत नाही, पिसावरून किंवा रक्ताच्या थेंबावरून डीएनए तपासणी करून घ्या. जोडी दोन वेगळ्या घरांतून, वेगळ्या रक्ताची आणा. पक्षी वयात आलेले हवेत. सर्कोव्हायरस आणि पॉलिओमाव्हायरस या पोपटांत पसरणाऱ्या विषाणूंची तपासणी आधी करा, नंतर नको. पिल्लं दहा-चौदा दिवसांची झाली की पायात बंद कडी घाला. जोड नसलेली ती कडी मोठ्या पायात जातच नाही, त्यामुळे पक्षी पिंजऱ्यात जन्मल्याची ती खूण ठरते. प्रत्येक कडीचा नंबर वहीत लिहा: आई-बाप कोण, जन्म कधीचा, दिला कोणाला. माझ्या जुन्या वहीमुळे 11 वर्षांनी एका पक्ष्याचे आई-बाप सांगता आले.

आफ्रिकन ग्रे 2017 पासून साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात. त्याची पिल्लं काढायला वेगळा परवाना लागतो. 'घरगुतीच करतोय' ही सबब चालत नाही.

वर्षातून किती वेळा पिल्लं घ्यावीत?

दोनदा, त्याहून जास्त नाही. मग घरट्याचं मडकं किंवा पेटी काढून घ्या आणि मादीला काही महिने फक्त उडू द्या. प्रत्येक अंड्याच्या कवचासाठी तिच्या अंगातलं कॅल्शियम जातं. ते संपत आलं की अंडं आत अडकतं आणि वेळेत डॉक्टर मिळाले नाहीत तर मादी मरते. पिंजऱ्यात समुद्रफेस (माकूळ माशाचं पांढरं हाड, त्यातून कॅल्शियम मिळतं) कायम हवा.

पिल्लू लवकर आणून हातानं भरवलं तर जास्त माया लावतं ना?

माझ्या हातून सर्वांत मोठी चूक इथेच झाली आहे.

बाजारात 'हँडफीड बेबी' म्हणून जे विकतात ते बहुतेकदा पिसं फुटायच्या आधीचं, स्वतः खाता न येणारं पिल्लू असतं. विक्रेत्याला ते सोयीचं: भरवण्याची मेहनत आणि मरण्याचा धोका दोन्ही गिऱ्हाइकाच्या घरी जातात, आणि आई-बाप लगेच पुढची अंडी घालायला मोकळे होतात. गिऱ्हाइकाला सांगितलं जातं की असं केल्यानंच पक्षी हाताळ होतो.

भरवण्याची पेज साधारण 40 ते 41 अंश सेल्सियस असावी लागते. दोन-तीन अंश जास्त झाली तर गळ्याखालची पिशवी, जिला आम्ही क्रॉप म्हणतो, ती आतून भाजते आणि काही दिवसांनी कातडीला भोक पडून खाल्लेलं बाहेर येतं. गार झाली तर क्रॉप रिकामा होत नाही, आतलं आंबतं. सिरिंज चुकीच्या बाजूनं गेली किंवा घाईत दाबली गेली तर पेज श्वासनळीत जाते. फार लहान पिल्लाला हे दर दोन-तीन तासांनी करायचं असतं. कॉलेजला जाणारं पोर हे करू शकत नाही. 2009 मध्ये मी अशाच एका मुलाला चार आठवड्यांचं कोन्युअर दिलं. दाखवलं, समजावलं, सिरिंजही दिली. त्याच्याकडे थर्मामीटर नव्हता, बोट बुडवून बघत होता. नवव्या दिवशी क्रॉप फुटलेलं पिल्लू शर्टाच्या खिशात घालून तो माझ्या दारात आला. ते वाचलं नाही. चूक त्याची नव्हती, माझी होती. त्या दिवसापासून स्वतः खात नसलेलं एकही पिल्लू माझ्या घरातून बाहेर गेलं नाही.

पिल्लू हाताळ करायला त्याला आईपासून तोडावं लागत नाही. आई-बाप भरवत असतानाच रोज थोडा वेळ पिल्लांना हातात घ्या, बोला, परत ठेवा. ती माणसाला घाबरत नाहीत आणि पक्षी म्हणून कसं वागायचं तेही शिकतात. फक्त माणसाच्या हातात वाढलेला पोपट वयात आला की अनेकदा माणसालाच जोडीदार समजतो, घरातल्या बाकीच्यांना चावतो, तुम्ही खोलीबाहेर गेलात की किंचाळतो. दोन-तीन वर्षांनी 'पक्षी बिघडला' म्हणून मला जे फोन येतात, त्यांतले बरेच असेच वाढवलेले असतात.

विकत घेताना पिल्लू तुमच्यासमोर स्वतः दाणे सोलून, फळ कुरतडून खातं का ते बघा. कॉकाटिएल साधारण आठ ते दहा आठवड्यांनी, आफ्रिकन ग्रे तीन-चार महिन्यांनी त्या टप्प्यावर येतो. त्याआधी देणारा कितीही गोड बोलला तरी परत या.

वेगळ्या रंगांचे पक्षी काढण्यात वाईट काय?

रंगात वाईट काही नाही, रंग टिकवायला जे करतात त्यात आहे. नवा रंग आला की त्याच घरातल्या बहीण-भावाची, बाप-लेकीची जोडी लावतात. कॉकाटिएलमधला पिवळट-पांढरा, लाल डोळ्यांचा लुटिनो बघा: लुटिनोला लुटिनोच लावत गेलं की तुऱ्यामागचं टक्कल मोठं होत जातं. रात्री दचकून पिंजऱ्यात आपटण्याचं प्रमाणही या पक्ष्यांत जास्त दिसतं. दिवाळीच्या रात्री त्यांच्या पिंजऱ्याजवळ मंद दिवा ठेवा, एवढं तरी करा.

पिल्लं काढणं म्हणजे जातीचं रक्षणच ना?

आपल्या गॅलरीत, नाही. ब्राझीलच्या स्पिक्स मकावचं उदाहरण लोक देतात. तो निळा पक्षी रानातून नाहीसा झाला होता, आणि पिंजऱ्यात वाढलेले पक्षी जून 2022 मध्ये ब्राझीलच्या कातिंगा या कोरड्या झुडपी रानात सोडले गेले. पण त्यामागे प्रत्येक पक्ष्याच्या वंशाची नोंद, ठरवून लावलेल्या जोड्या आणि राखलेलं रान होतं. सन कोन्युअर आज रानात धोक्यात आहे आणि त्याचं मोठं कारण पाळण्यासाठी झालेली पकडच आहे. साताऱ्यात जन्मलेलं सन कोन्युअर कधी गयानाच्या रानात जाणार नाही. ते इथेच कोणाच्या तरी घरात जन्म काढणार, म्हणून त्या घराची काळजी करा.

आम्हाला पिल्लं नकोत, पण मादी अंडी घालतच राहते.

मडकं, खोका, कापडाची गुहा, तिला घरट्यासारखं वाटेल ते सगळं काढा. रात्री बारा तास अंधार द्या, टीव्हीच्या खोलीत पिंजरा ठेवू नका. मऊ, गरम खाणं कमी करा. पाठीवरून हात फिरवू नका, तो स्पर्श तिला जोडीदाराचा वाटतो. फक्त डोक्यावर खाजवा. घातलेली अंडी लगेच उचलू नका, ती जागा भरून काढायला आणखी घालते. ताजी अंडी उकळून, गार करून परत ठेवा, किंवा प्लास्टिकची ठेवा. कंटाळली की स्वतःच सोडते. उकळणं काहींना निर्दय वाटतं. पहिल्या एक-दोन दिवसांत केलं तर आत पिल्लू घडलेलंच नसतं.

आता सांभाळणं होत नाही. पक्षी देऊन टाकणं म्हणजे पाप आहे का?

नाही. आजारपण येतं, बदली होते, बाळाला दमा निघतो. पुण्याहून परदेशी जाणारी कुटुंबं सर्वांत जास्त विचारतात, कारण आफ्रिकन ग्रेसारखा पक्षी सोबत न्यायला दोन्ही देशांचे परवाने लागतात आणि ते सहज मिळत नाहीत. लाज वाटून उशीर करू नका. तिकीट निघाल्यावर फोन आला तर मी घर नाही, फक्त जागा शोधू शकते. तीन-चार महिने हातात ठेवा.

मात्र आधी स्वतःला विचारा की अडचण पक्ष्याची आहे की व्यवस्थेची. किंचाळतो म्हणून देणार असाल तर तो दिवसात किती तास एकटा असतो, किती झोपतो ते मोजा. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर असलेला पक्षी आळशी, चिडका, रोगट होतो. राळे, बाजरी, थोडी करडई, मोड आलेली कडधान्यं, पालेभाज्या, गाजर, शेवग्याचा पाला यांवर आणल्यावर बदललेले पक्षी मी पाहिले आहेत. कधी कधी घर बदलावं लागत नाही.

नवं घर कसं ओळखायचं? फुकट द्यावा का?

अनोळखी माणसाला फुकट देऊ नका. फुकट मिळालेला पक्षी दुसऱ्या आठवड्यात विक्रीला लागलेला मी पाहिला आहे. आणि सर्वांत जास्त पैसे देणाऱ्यालाही देऊ नका.

त्यांच्या घरी जा. स्वयंपाकघर पिंजऱ्यापासून किती लांब आहे ते बघा: नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याचा धूर पक्ष्याला काही मिनिटांत मारतो, आपल्याला वासही येत नाही. पंख्याला, खिडक्यांना काय बंदोबस्त आहे ते बघा. घरात मांजर आहे का? पक्ष्यांचे डॉक्टर कुठले, असं विचारा. 'अजून गरज पडली नाही' असं उत्तर आलं तर आधी डॉक्टर शोधायला सांगा. ज्यांना फक्त जोडी लावायला मादी हवी आहे त्यांना मी नाही म्हणते. पक्ष्याला निदान दोनदा त्यांच्याबरोबर बसू द्या. कोणाच्या खांद्यावर जायचं ते पोपटाला पक्कं ठाऊक असतं.

देताना सगळं खरं सांगा. चावतो तर चावतो म्हणा. लपवलेली खोड तिसऱ्या दिवशी कळते आणि पक्षी तिसऱ्या घरी जातो. पिंजरा, त्याची काठी, त्याची वाटी बरोबर द्या. तो कोणते शब्द कशासाठी बोलतो ते लिहून द्या. माझ्याकडे आलेला एक ग्रे तीन दिवस 'चहा' म्हणत होता आणि आम्ही चहा देत नाही म्हणून हसत होतो. मूळ घरी विचारल्यावर कळलं, तिथे चहा म्हणजे संध्याकाळी पिंजऱ्याबाहेर यायची वेळ. हे आधी लिहून मिळालं असतं तर तीन संध्याकाळी त्यानं वाट बघितली नसती.

दुसऱ्याकडून आलेला पक्षी आमच्या पक्ष्यांत लगेच सोडू का?

वेगळ्या खोलीत निदान 30 दिवस, जमलं तर 45. भांडी वेगळी, हात धुवून मगच दुसरीकडे. सिटॅकोसिस हा जिवाणूंचा आजार पक्ष्याकडून माणसालाही होतो. ताप आणि कोरडा खोकला आला तर घरात पोपट आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

पहिले काही दिवस तो कमी खाईल, पिसं उपटेल, कोपऱ्यात बसेल. जवळ बसून तुमचं काम करा, वाचा, भाजी निवडा. हात आत घालू नका. खाणं पूर्ण बंद असेल तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

माझं वय 63. आफ्रिकन ग्रे घेऊ का?

तो 40 ते 60 वर्षं जगू शकतो. तुमच्यानंतर तो कोणाकडे जाणार हे आज ठरलेलं असेल, त्या माणसाला पक्षी आवडत असेल आणि तो आतापासून आठवड्यातून एकदा येऊन त्याच्याबरोबर बसणार असेल, तर घ्या. मृत्युपत्रात त्याच्या खर्चाची सोय लिहा, नोंदणीचे कागद त्याच फाइलला लावा. नाहीतर मोठ्या वयाचा, घर सुटलेला कॉकाटिएल घ्या. माझ्याकडे आत्ता 9 वर्षांचा एक नर आहे. सकाळी सहाला शीळ घालतो, डाव्या पायाची नखं कापू देत नाही, आणि पेपर वाचणाऱ्या माणसाच्या मांडीवर बसायला त्याला आवडतं.

तुमच्याकडून पक्षी घेतला आणि जमलं नाही तर?

परत आणा. कारण विचारेन, कारण ते पुढच्या घराला सांगायला लागतं. रागावणार नाही. रात्री आलात तरी चालेल, त्याचा पिंजरा मी काढून टाकलेला नसतो.